गाणी नसलेल्या रेकॉर्डी: नुसतं बोलणं कोणकोण ऐकतं?

खरखर

मंडळी, रेकॉर्डींवर धागा निघाला की दोन प्रतिसादांत गाडी लता, कुमार, बेगम अख्तरवर जाते आणि मग कुणाकडे कुठलं प्रेसिंग आहे याची मोजदाद सुरू होते. हा धागा त्यासाठी नाही. मला अशा रेकॉर्डींबद्दल बोलायचंय ज्यांवर कुणी गातच नाही. भाषणं, कवितावाचन, सिनेमाचे संवाद, गोष्टी, निवेदन. जुन्या बाजारात हा माल ढिगाच्या तळाशी असतो. विकणारा तबकडी उलटसुलट करून बघतो आणि "यात गाणी नाहीत हां साहेब" असं आधीच सांगून मोकळा होतो, नंतर तक्रार नको म्हणून.

खरं तर हे यंत्र जन्माला आलं तेच बोलण्यासाठी. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकन मासिकात त्याचे उपयोग क्रमाने लिहून काढले. पहिला उपयोग, पत्रं आणि मजकूर तोंडी सांगून ठेवणं. दुसरा, अंधांसाठी बोलती पुस्तकं. तिसरा, वक्तृत्वाचं शिक्षण. संगीत चौथ्या नंबरावर! त्याच्याही पुढे घरच्या माणसांचे आवाज जपणं, अगदी मरणाऱ्याचे अखेरचे शब्दसुद्धा. धंदा मात्र चौथ्या नंबरवाल्याने बळकावला.

माझं म्हणणं एवढंच आहे की रेकॉर्ड ही काय चीज आहे ते गाण्यात कळत नाही, बोलण्यात कळतं. गाण्यात तंबोरा चालू असतो, पेटी असते, ठेका असतो. रिकामी जागा म्हणून सापडत नाही. बोलणारा माणूस थांबतो. तो थांबला की तबकडी ऐकू येते. तळाची सळसळ, एखादी टिचकी, आणि त्यातून त्याने आत ओढलेला श्वास. पुढचा शब्द येईस्तोवर आपणही थांबलेलो असतो. हेच भाषण फोनवर लावलं तर मी भांडी घासत ऐकतो. रेकॉर्ड लावली की खुर्ची सुटत नाही, कारण वीसेक मिनिटांत बाजू पलटायला उठायचंच असतं, मग उगाच कशाला दुसरं काम काढा.

गांधीजींची रेकॉर्ड घ्या. १९३१ साली गोलमेज परिषदेला ते लंडनला होते तेव्हा कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला. राजकारणावर बोलायला त्यांनी नकार दिला आणि ईश्वराविषयीचा स्वतःचाच जुना लेख इंग्रजीतून वाचला. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी, दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटांचा कारभार. यात वक्तृत्व शून्य. समोर सभा नाही, टाळी नाही, आवाज चढत नाही. एक म्हातारा माणूस कागद समोर धरून सावकाश वाचतोय, आणि ऐन मुद्द्यावर बाजू संपते. उठायचं, तबकडी पलटायची, पुन्हा चावी द्यायची आणि मग ईश्वराचं अस्तित्व पुढे चालू.

हे असं वाचणं शक्य झालं ते मायक्रोफोनमुळे. १९२५ च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी भोंग्यासमोर उभं राहून खच्चून बोलावं लागे. गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्याला गायली आणि गाणं संपताच तिने इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं, ती ललकारी ऐका. ती नखरा म्हणून नव्हती. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव टाकायचं ते कळावं म्हणून होती. मला विचाराल तर त्या तबकडीवरचं सगळ्यात जिवंत तेच. गाणं गाजलं, पण माणूस भेटतो तो त्या एका वाक्यात.

तर, तुमच्याकडे काय काय आहे? आणि का ऐकता?

दादरचा_जुना

आमच्याकडे होती ना! शोलेच्या संवादांची. पॉलिडॉरने काढलेली. आधी गाण्यांची रेकॉर्ड म्हणावी तशी उचलली गेली नव्हती. लोक थेटरातून बाहेर पडताना गाणी गुणगुणत नव्हते, गब्बरची वाक्यं फेकत होते. कंपनीच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी संवादांचीच रेकॉर्ड बाजारात आणली. मग काय विचारता.

आमच्या गल्लीच्या गणपतीला आरती झाली की हीच. मंडपाच्या बांबूला दोन कर्णे बांधलेले, एक नाक्याकडे तोंड करून, एक चाळीकडे. "कितने आदमी थे" सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावरची पोरं गॅलरीत येऊन कालियाचं उत्तर देत. पिन एका ठिकाणी हमखास अडकायची, तिथे गब्बर तेच तेच हसत राहायचा, आणि कुणीतरी आर्मवर चिमटीने टिचकी मारली की पुढे सरकायचा. मी मूळ पिक्चर कैक वर्षांनी पाहिला. तिथे गब्बर अडकत नाही हे बघून चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तेव्हा खरखरशेठ, तुमचं ते खुर्ची, श्वास, शांतता वगैरे ठीक आहे, पण आमच्याकडे बोलती रेकॉर्ड वाजली ती अख्ख्या गल्लीसाठी.

निवांत_पाटील

धागा छान आहे, पण थोडं पाणी ओततो.

मराठी माणसाचं बोलणं तबकडीवर कधी रुजलंच नाही. रुजलं ते रेडिओवर आणि नंतर कॅसेटवर. आमच्या घरी पु.ल. आले ते कॅसेटवर. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या फळीवर, जेवणं चालू, म्हैस आडवी पडलेली, आणि आई पोळी लाटता लाटता पुढचं वाक्य आधीच म्हणतेय. साठाच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळतो. गोष्टीला तेवढी ऐसपैस जागा लागते. शिवाय कॅसेट उसनी नेता येत होती, घरच्या घरी कॉपी करता येत होती. रेकॉर्ड प्लेअर किती घरांत होता? ज्यांच्याकडे होता ते त्यावर कापडी झालर घालून ठेवत.

आणि आपलं मूळ बोलणं म्हणजे कीर्तन. गाडगेबाबांचं १९५६ चं वांद्र्याचं शेवटचं कीर्तन ऐकलंय का कुणी? बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा त्या उत्तरालाच पकडून पुढे जातात, मधेच गोपाला गोपाला सुरू होतं. हे तीन मिनिटांच्या बाजूवर कसं बसवणार? तबकडी म्हणजे एका माणसाने एका दमात बोलायची जागा. ती साहेबाच्या कवितावाचनाला ठीक. आपल्याकडे समोरच्याने हुंकार दिल्याशिवाय गोष्टच पुढे जात नाही.

खरखर, राग मानू नका. तुम्हाला जे आवडतंय ते बोलणं नाही, ते यंत्र आहे.

सातारकर_मीना

पाटीलभाऊ, पटलं आणि नाहीही पटलं. "शिवकल्याण राजा" विसरलात? १९७४, राज्याभिषेकाची त्रिशताब्दी. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, आणि दोन गाण्यांच्या मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. आमच्या वडिलांना गाणी तोंडपाठ होती त्याहून ते निवेदन जास्त पाठ होतं.

रेकॉर्डवर ते गाण्याला चिकटून येतं. निवेदनाचा शेवटचा शब्द पडतो आणि तिथूनच गाणं उचललं जातं. "वेडात मराठे" एकटं ऐकलं तर ते एक उत्तम गाणं आहे. आधीचं बोलणं ऐकून ऐकलं तर सात माणसं डोळ्यांसमोर मरायला निघालेली असतात. माझ्या फोनवर मुलाने जी यादी करून दिलीय त्यात गाणी सुटी सुटी वाजतात, मधलं बोलणं गायब. त्याला म्हटलं तर म्हणतो, आई, ते स्किप करायचंच असतं ना. तबकडीवर स्किप करायला उठावं लागतं, पिन बरोबर जागी टेकवावी लागते, आणि वडील घरात असताना तेवढी हिंमत कुणाची नव्हती.

सुईवाला

माझा धंदा ध्वनीचा आहे, म्हणून तांत्रिक बाजूने भर घालतो. खरखर जे म्हणतायत ते नुसतं भावनिक नाही. बोलण्याची रेकॉर्ड करणं आणि वाजवणं ही दोन्ही अवघड कामं आहेत, कारण लपायला जागा नाही.

पहिली गंमत. चांगल्या टर्नटेबलवर एखादी भाषणाची एलपी, म्हणजे ३३ १/३ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी, लावा, आवाज जरा मोठा ठेवा, आणि वक्ता थांबला की कान द्या. त्याने जोरात उच्चारलेला पुढचा शब्द तो बोलायच्या आधीच अगदी पुसट ऐकू येतो. भूत नाही. खाच कोरताना शेजारच्या खाचेची भिंत किंचित दबते आणि एका फेऱ्याने पुढचा आवाज अलीकडे उमटतो. ३३ १/३ च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे शब्द १.८ सेकंद आधी कुजबुजतो. मूळ टेप गुंडाळून पडली असेल तर तिच्या शेजारच्या वेढ्यातूनही असंच उतरतं. हे गाण्यातही होतं, पण तिथे तबल्याखाली दडपून जातं. बोलण्यात दडपायला काही नाही. वक्त्याच्या मनात शब्द आधी आला आणि तोंडात नंतर, असं वाटतं.

दुसरी गंमत, स आणि श. तबकडीच्या कडेला एका फेऱ्यात लांब अंतर कापलं जातं, लेबलाजवळ त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याच वेळाचा आवाज तिथे दाटीवाटीने बसवावा लागतो. सगळ्यात आधी बिघडतात ते स, श, च. बाजूच्या शेवटाला वक्ता थुंकल्यासारखा बोलायला लागतो. चांगला ध्वनिमुद्रक ही गोष्ट ओळखून शेवटची मिनिटं हात राखून कोरतो.

उलट एक फायदाही आहे. बोलण्यात खोल खर्ज नसतो, त्यामुळे खाचा जवळजवळ कोरता येतात आणि एका बाजूला गाण्यापेक्षा जास्त मिनिटं बसतात.

पाटील, "यंत्र आवडतं" हा टोमणा असेल तर माझ्यापुरता मान्य. मला यंत्र आवडतं.

खरखर

सुईवाले, १.८ सेकंदांचं वाचून आत्ता उठून लावून बघितलं. आहे! इतकी वर्षं मला वाटायचं शेजारच्या घरात टीव्ही चालू आहे.

पाटील, राग कसला. कीर्तनाचा मुद्दा बिनतोड आहे. पण "एका दमात बोलायची जागा" हे तुम्ही उणं म्हणून सांगताय आणि मला तेच अधिक वाटतं. तीन मिनिटं आहेत म्हटल्यावर माणूस पाल्हाळ टाकतो. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना एक ७८ ची तबकडी सक्तीची करावी.

मंजिरी_जर्सी

इथे न्यू जर्सीत ग्रंथालयाच्या जुन्या मालाच्या विक्रीत या रेकॉर्डी पेटीभर मिळतात. तुमच्या जुन्या बाजारासारखंच, जॅझच्या पेटीवर झुंबड आणि कवितेच्या पेटीवर धूळ. मला फायदाच.

बहुतेक कॅडमनच्या असतात. या कंपनीची गोष्ट मला फार आवडते. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन आणि मारियान रोनी या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मुली, वय बावीस. डिलन टॉमस हा वेल्श कवी कवितावाचनाला आला होता, त्याच्या मागे लागून त्यांनी त्याला मुद्रणाला राजी केलं. त्याने कविता वाचल्या, पण त्या एका बाजूपुरत्याच झाल्या. दुसरी बाजू कोरी कशी ठेवणार? त्याला विचारलं, आणखी काही आहे का? तर म्हणाला, नाताळावरची एक गोष्ट मासिकात दिली होती. ती वाचली. आणि रेकॉर्ड खपली ती त्या भरतीच्या गोष्टीमुळे! पुढे त्या कंपनीने एकामागून एक लेखकांना मायक्रोफोनसमोर बसवलं. इंग्रजी बोलत्या पुस्तकांच्या आजच्या धंद्याचं मूळ शोधत गेलं तर पाय इथेच येऊन थांबतात.

पाटीलदादा, पु.लं.च्या कॅसेटी आमच्याकडेही आहेत, बॅगेतून आणलेल्या. टेप आता ताणली गेलीय, म्हैस जरा जडच आवाजात बोलते. कॅडमनची रेकॉर्ड माझ्या आईच्या वयाची असून ठणठणीत.

निवांत_पाटील

मंजिरीताई, म्हैस जडच बोलायची :)

नवखा_गडी

मी नुकताच या नादाला लागलोय. आजोबांचा जुना प्लेअर माळ्यावरून काढलाय. त्यावर १६, ३३, ४५, ७८ अशा चार खुणा आहेत. ३३, ४५, ७८ समजलं. १६ कशाला? घरात एकही १६ ची रेकॉर्ड नाही. ३३ ची १६ वर लावून बघितली तर किशोरकुमार राक्षसासारखा गातो.

सुईवाला

तुझा प्रश्न धाग्याला अगदी चपखल. १६, म्हणजे खरं तर १६ २/३, ही मुख्यतः बोलण्याची गती. गती कमी केली की वरचे, तार सूर खाचेत नीट बसत नाहीत. झांज मेली, सतार मेली. पण बोलणं समजायला फार वरचे सूर लागत नाहीत. साधा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झवर भागवतो आणि आपण आवाज ओळखतोच. म्हणून गती निम्मी, वेळ दुप्पट. १९५६ साली अमेरिकेत क्रायस्लरने गाडीत बसवायचा रेकॉर्ड प्लेअर काढला होता तोही याच गतीचा. गाडीत! खड्ड्यावर काय होत असेल ते पुणेकरांनी मनात आणून बघावं.

स्पर्शिका

मी दृष्टिहीन आहे, हा धागा स्क्रीनरीडरवर ऐकतेय. म्हणजे तुमची सगळी खरखर, श्वास आणि शांतता मला एकाच सपाट आवाजात पोचलीय, याची मजा वाटली.

एडिसनच्या यादीतला दुसरा उपयोग आमचा. तो कोपऱ्यात पडून राहिला असं खरखरभाऊंच्या लिहिण्यातून वाटतं, तसं नाही. अमेरिकेत अंधांसाठीची बोलती पुस्तकं १९३४ पासून तबकडीवर येऊ लागली, ३३ १/३ च्या गतीने, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. दुकानात एलपी आली १९४८ साली. म्हणजे तुम्ही लोक तीन-चार मिनिटांनी तबकड्या पलटत होता तेव्हा आमच्यातले कुणीतरी कादंबऱ्या ऐकत होते. पुढे तीच पुस्तकं १६ वर आली, नंतर त्याच्याही निम्म्यावर, ८ १/३ वर.

आता वादाचा मुद्दा. बोलत्या पुस्तकाच्या वाचकाला खरखर नको असते. मला पुस्तक हवं असतं, तबकडी नको. लहानपणी आमच्या वसतिगृहात वाचून दाखवायला स्वयंसेवक येत. त्यांतली एक बाई प्रत्येक पान उलटताना थुंकी लावायची, तो आवाज मला गोष्टीपेक्षा जास्त लक्षात आहे आणि त्याचा अजून राग येतो. तुम्हाला श्वास ऐकू आला की माणूस भेटतो. मला श्वास ऐकू आला की वाटतं, हा दमला, आता प्रकरण अर्धवट सोडणार.

पण गांधीजींच्या रेकॉर्डबद्दल सहमत. ती मी एका मैत्रिणीकडे खऱ्या ग्रामोफोनवर ऐकलीय. फोनवर ऐकली होती तेव्हा आवाज कुठून येतोय याला काही अर्थ नव्हता. तिच्याकडे तो खोलीतल्या एका ठरावीक जागेहून, माझ्या बसलेल्या उंचीवरून आला. म्हणजे कुणीतरी समोर बसलं होतं.

दादरचा_जुना

स्पर्शिकाताई, दंडवत.

सुईवाला

छोटी पुरवणी. ३३ १/३ ही गती त्याही आधीची, बोलपटांची. १९२६ मध्ये व्हायटाफोनने सिनेमाचा आवाज सोळा इंची तबकडीवर दिला तेव्हा एक रीळ आणि एक बाजू बरोबर संपावी म्हणून ती घेतली. तिथून ती बोलत्या पुस्तकांत गेली. पण घराघरांत एलपी रुजायच्या कितीतरी आधी ती पुस्तकांनी वापरली, हे ताईंचं खरं.

केरीकार

१६ चा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं, गोव्यातल्या केरीचं, नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

या गतीने फिरायची सगळ्यात दूरची तबकडी सध्या ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. १९७७ च्या दोन व्हॉयेजर यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवलीय, १६ २/३ ची. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो", हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. गोव्यात शाळेच्या पोरालाही ठाऊक. पण तिच्यावर ५५ भाषांतलं नुसतं बोलणंही आहे, आणि त्यात मराठी आहे! नमस्कार करून पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा सांगितल्यात. सेकंदांचा खेळ. हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगूही आहे.

ते ५५ आवाज एका दमात ऐका. बहुतेक कार्ल सेगनच्या कॉर्नेल विद्यापीठात आणि आसपास मुद्रित केलेत, बोलणारे काही निवडक वक्ते नव्हेत, त्या भाषा येणारी जवळपासची माणसं. कुणी पाठ केल्यासारखं म्हणतं, कुणी घाईत, कुणी फोनवर बोलल्यासारखं. आपल्या मराठीचा सूर तर अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं स्वागत करतात तसा. परग्रहवासीयांना पुष्पगुच्छ द्यायचाच काय तो राहिलाय. पृथ्वीवर २०१७ मध्ये ही तबकडी विनाइलवर पेटीबंद निघाली, घरच्या ३३ वर वाजते. मित्राकडे ऐकली. केसरबाई थोरच, त्यांच्याविषयी मी काय बोलू. पण त्या संचातली मी पुन्हा पुन्हा लावायला लावलेली बाजू ही बोलण्याची.

निवांत_पाटील

केरीकार, हे भारी. पण बघा, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. नमस्कार आपण केला, हुंकार द्यायला समोर कुणी नाही.

आवाजी

उशिरा येतोय. गतीवरून सगळं चाललंय तर बर्नार्ड शॉची आठवण द्यायलाच हवी.

१९२७ मध्ये लिंग्वाफोन या भाषा शिकवणाऱ्या कंपनीसाठी शॉ इंग्रजी उच्चारांवर बोलला. सुरुवातीलाच तो ऐकणाऱ्याला बजावतो की बाबारे, तू मला ऐकतोयस की नाही हे तुझ्या ग्रामोफोनच्या वेगावर आहे. त्याने तोड सांगितलीय ती अशी: ऐकून वाटलं की हा काय भयंकर माणूस आहे, तर समजा वेग चुकलाय. स्क्रू फिरवत फिरवत वेग कमी करा, आणि एकाहत्तर वर्षांचा, जरा गोड आयरिश आवाजाचा भला म्हातारा बोलतोय असं वाटलं की थांबा, तो मी.

विनोद बाजूला ठेवा, यात मोठी अडचण आहे. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ च्या नसत. कुणी ७५ वर कोरलेल्या, कुणी ८० वर. गाणं असेल तर सूर धरून वेग ठरवता येतो. पेटीची पट्टी बघितली, काळी चार की पांढरी पाच, की झालं. बोलण्याला पट्टी नसते. ज्या माणसाला जिवंतपणी ऐकणारं आज कुणी उरलेलं नाही, त्याचा आवाज मुळात जाड होता की बारीक, हे तबकडी एकटी सांगू शकत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ मध्ये देशभरातल्या बोली तबकड्यांवर घेतल्या, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येकाने आपापल्या बोलीत सांगायची. भोंग्यात, खच्चून. त्या जालावर ऐकायला मिळतात. मी त्या ऐकतो तेव्हा बोली ऐकतो, माणूस किती खरा पोचलाय याची खात्री देत नाही. खरखरसाहेब, "माणूस भेटतो" म्हणताना एवढं ध्यानात असू द्या. गौहर जानची ललकारीसुद्धा तुमच्या स्क्रूवर आहे.

खरखर

आवाजीसाहेब, हे मला नवीन आहे आणि जरा बोचलंही. पण मग शॉचाच उपाय घेऊ. गांधीजी माझ्याकडे सावकाश वाचतात, ते त्यांचं सावकाशपण की माझ्या स्प्रिंगचं, हे तपासायला तबकडीच्या लेबलावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ७४ भरले. स्क्रू फिरवून ७८ वर आणलं. आता ते जरा तरुण झालेत आणि थोडे घाईत आहेत. कुठले गांधीजी खरे ते ठरवत बसलोय, पण मला ७४ चेच बरे वाटतात.

मीनाताई, तुमच्या वडिलांसारखा माणूस प्रत्येक घरात पाहिजे.

आवाजी

१९३१ सालच्या कोलंबियाला ७८ च धरा. तोवर वेग बऱ्यापैकी ठरला होता. ७४ चे गांधीजी तुमचे खाजगी.

नवखा_गडी

सगळ्यांचे आभार, १६ चं गूढ उकललं. माळ्यावर प्लेअरच्या खालीच एक जुनी ट्रंक होती. त्यात काळ्या, जाड, जड तबकड्या निघाल्या. ७८ च्या. एकीच्या लेबलावर "संवाद" एवढं वाचता येतं, बाकी वाळवीने खाल्लंय. प्लेअरची आहे तीच सुई चालेल ना? आणि बुरशी आहे, ती स्पिरिटने पुसू का? औषधाच्या दुकानातून बाटली आणलीय.

सुईवाला

थांब! स्पिरिट अजिबात नको. ती तबकडी विनाइल नाही, लाखेची आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश तसंच करतात. संवाद कापसावर येईल.

साधं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लेबल भिजू देऊ नकोस, उरलंय तेवढं तरी राहू दे. स्वच्छ पाण्याने धू, सुती फडक्याने टिपून उभी वाळव, उन्हात नाही, वाकेल. तडा आहे का ते आधी बघ, असेल तर पाण्यात घालूच नकोस.

सुईचं: एलपीची सुई बारीक असते, ७८ ची खाच तिच्या तिप्पट रुंद. बारीक सुई तळाशी घासत जाते, आवाज कमी आणि खरखर जास्त. तुझ्या प्लेअरच्या हेडला बहुतेक एक छोटी कळ असेल, एकीकडे एलपी, दुसरीकडे ७८. ती फिरवली की सुई उलटते. नसेल तर हेडचा फोटो टाक, बघू काय बसतं ते. आणि अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबून ठेव, खाचेच्या वरखाली होण्याने येणारी निम्मी खरखर तिथेच जाते.

नवखा_गडी

कळ आहे! एलपीवर होती. फिरवली. तबकड्या धुवून गॅलरीत सावलीला उभ्या केल्यात, आजी विचारतेय की पापड घातलेत का. फोटो उद्या टाकतो.